आधी थाळीत, मग कॅमेऱ्यात

डिसेंबर लागला की मालाडच्या समुद्रकिनाऱ्यावर कॅमेऱ्यांची झुंबड उडते. उन्हाची धार बोथट होते. संध्याकाळी पाचनंतर मार्वे, आक्सा, मढ या पट्ट्यात जो पिवळा उजेड पडतो, त्यात काढलेला फोटो सहसा वाया जात नाही. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी एरंगळची जत्रा भरते. १५७५ सालच्या सेंट बोनाव्हेंचर चर्चभोवती तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. गर्दी आली की रस्त्यावरचा कलाकार येतो, आणि तो आला की त्याच्या तोंडासमोर मोबाइल आणि लेन्स येतात.

दोरीवरचा खेळ एकदा जवळून बघा. बांबूंच्या दोन कात्र्या वाळूत रोवून दोरी ताणलेली असते. वरच्या पोरीच्या हातात तोल सांभाळायला आडवा बांबू, डोक्यावर एकावर एक लोटे. खाली ढोल वाजवणाऱ्याची नजर गर्दीकडे नसते, तिच्या पावलांकडे असते. पाऊल लटपटलं की ठेका संथ होतो, सावरलं की पुन्हा चढतो. फोटो त्या क्षणाचा निघतो, टाळ्याही त्या क्षणाला पडतात. मग थाळी फिरायला लागते आणि रिंगण पांगतं. ज्याच्याकडे सगळ्यात महागडी लेन्स, तोही पाठ फिरवतो.

हे फुकटं बघणं आता थांबलं पाहिजे. तुमच्या फोटोला बक्षीस मिळतं, रीलला लाखभर लोक दाद देतात, आणि ज्याच्या अंगमेहनतीवर हे सगळं उभं राहिलं त्याचं नावही खाली नसतं. ‘मुंबईचे रंग’ असा मथळा दिला की काम झालं, असं वाटत असेल तर ते चूक आहे. रंगाला पोट नसतं, माणसाला असतं.

कायदाही इथे दोन तोंडांनी बोलतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा नट आणि गायकाच्या पंक्तीत कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांनाही बसवतो, तेही नावानिशी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रयोगाचं चित्रण कुणी करायचं हे ठरवण्याचा हक्क कलाकाराचा आहे, आणि आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही त्याचाच. घरच्या आठवणीसाठी केलेल्या चित्रणाला मुभा आहे. पण त्याच्या कसरतीचा व्हिडिओ विकून कमाई करायची, तर त्याची परवानगी घ्यायला हवी.

आता दुसरं तोंड. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून पैसे स्वीकारणं हीसुद्धा भीकच ठरवतो. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. हा कायदा आपल्या मुंबईच्या नावाचा आहे. तो सुधारण्यात आपण मागे राहावं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

हिवाळ्यातच दक्षिण मुंबईत काळा घोडा महोत्सव भरतो. १९९९ साली सुरू झालेल्या त्या उत्सवात रस्त्यावरच्या कलेला मंडप मिळतो, पाहुणे मिळतात, वर्तमानपत्रात जागा मिळते. मिळायलाच हवी. पण तीच कला मालाडच्या वाळूवर आली की भीक कशी होते? कसरतीचा दर्जा पिनकोड बघून ठरत नाही.

म्हणून फोटो काढणाऱ्यांना रोखठोक सांगणं आहे. आधी विचारा. नको म्हणाला तर कॅमेरा खाली. हो म्हणाला तर खेळ संपेपर्यंत थांबा आणि थाळीत पैसे टाका. चहा-भजीला जेवढे सहज मोजता त्याहून कमी नकोत. सुट्टे नसतील तर क्यूआर कोड आहे का ते विचारा. नाव विचारा, त्याची हरकत नसेल तर फोटोखाली लिहा, आणि फोटो त्याला पाठवा. दोरीवर लहान मूल असेल तर तो फोटो काढूच नका. त्या वयाची जागा शाळेत आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो लावा.

आणि सरकारला एक मागणी. ‘गाणं, नाचणं, खेळ करणं’ हे शब्द भिकेच्या व्याख्येतून काढून टाका. आक्सा, मार्वेला कलाकारांसाठी जागा आखून द्या, साधा परवाना द्या, हुसकावणं बंद करा. कला दाखवून पैसे घेणारा माणूस भिकारी नाही. त्याची कला कॅमेऱ्यात भरून पैसे न देता निघून जाणाऱ्याने मात्र स्वतःला काय म्हणायचं, ते ठरवावं.