डॉक्टरांनी वापरलेली गाडी

जुन्या छोट्या गाड्यांच्या जाहिराती नेमाने वाचल्या की महाराष्ट्रातल्या वैद्यकीय व्यवसायाबद्दल दोन गोष्टी कळतात. एक, इथला प्रत्येक डॉक्टर दर पाच वर्षांनी गाडी विकतो. दोन, त्या पाच वर्षांत तो गाडीत जवळजवळ बसतच नाही. ‘सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड, पुणे पासिंग, नॉन-ॲक्सिडेंट, रनिंग फक्त 38 हजार, एक रुपयाचं काम नाही, टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’ डॉक्टर कमी पडले तर राखीव फळीत बँक मॅनेजर, निवृत्त प्राध्यापक, फौजी आणि ‘लेडीज वापर’ तयार असतात. या मजकुरात क्लचबद्दल, सस्पेन्शनबद्दल, कूलंटबद्दल अवाक्षर नसतं; मालकाच्या चारित्र्याचा दाखला मात्र सविस्तर असतो. आणि तो वाचून आपण खरंच फोन करतो. पत्ता चांगल्या सोसायटीतला निघाला की निम्मा सौदा तिथेच होतो. हॉलमध्ये देव्हारा असला, काकूंनी पोहे पुढे केले आणि काका म्हणाले, ‘मुलगा अमेरिकेला गेला म्हणून विकतोय, नाहीतर विकलीच नसती,’ की उरलेला निम्माही होतो. मग पार्किंगमध्ये उतरून टायरला एक लाथ मारायची, चारही दारं उघडून धाडकन लावायची, बॉनेट उचलून आतल्या अंधाराकडे जाणकारासारखं बघायचं आणि म्हणायचं, ‘इंजिन सायलेंट आहे.’ सायलेंट असणारच. अजून सुरू कुठे केलंय?

म्हणणं एवढंच की, गाडी भरवशाची आहे का हे ठरवताना आपण माणसाची परीक्षा घेतो आणि गाडीला तोंड उघडू देत नाही. माणसाच्या सज्जनपणाचा आणि इंजिनाच्या तब्येतीचा संबंध फार पातळ असतो. डॉक्टरांचंच घ्या. घर ते दवाखाना तीन किलोमीटर, दवाखाना ते हॉस्पिटल दोन, शिवाय रात्री-अपरात्री थंड इंजिनाला चावी मारून धावाधाव. पेट्रोल इंजिनासाठी यापेक्षा वाईट दिनक्रम शोधून सापडणार नाही. एवढ्याशा अंतरात ऑइल पुरतं तापत नाही. ज्वलनातून आलेली पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल त्यात उतरतं आणि ते उडून जायच्या आत गाडी पुन्हा बंद होते. सायलेन्सर आतून गंजतो, बॅटरी कधी पोटभर चार्ज होत नाही, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच झिजत राहतो. वर ‘गाडी फिरलीच कुठे’ म्हणून दोन-दोन वर्षं ऑइल बदललेलं नसतं. सर्व्हिस बुकात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं छापलेलं असतं, पण ‘किंवा’च्या पुढचं वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. याउलट औषध कंपनीचा एमआर घ्या. आठवड्यातून चार दिवस नाशिक-धुळे-जळगाव, इंजिन छान तापलेलं, गाडी टॉप गिअरमध्ये, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं, कारण गाडी बसली की त्याचं टार्गेटही बसतं. त्याची लाखभर किलोमीटर झालेली गाडी डॉक्टरांच्या 38 हजारवाल्या गाडीपेक्षा निरोगी असण्याची चांगलीच शक्यता आहे. पण ‘एमआर यूज्ड’ अशी जाहिरात देऊन बघा.

बरं, तो 38 हजारांचा आकडा तरी सांगितला कुणी? मीटरने. जुना चाकांचा मीटर मागे घ्यायला निदान डॅशबोर्ड खोलावा लागे, हात काळे होत. डिजिटल मीटर आला आणि हेच काम लॅपटॉप जोडून, इस्त्रीच्या शर्टात होऊ लागलं. तरीही मीटर फिरवणाऱ्यापुढे एक अडचण राहतेच. तो एक आकडा बदलतो. गाडीच्या अंगभर छापलेल्या तारखा तशाच राहतात. टायरच्या कडेवर लांबट गोलात चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. ते वाचायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, उकिडवं बसता यावं लागतं. समजा, गाडी 2017 ची आहे. डिकीतली स्टेपनी बाहेर काढली तर तीही 2017 ची, रबराचे बारीक केस अजून शाबूत. खालचे चार टायर मात्र 2022 चे आणि तेही निम्मे झिजलेले. छोट्या गाडीचा टायरचा सेट साधारण 40 हजार किलोमीटर जातो. म्हणजे पहिला सेट संपला, दुसरा निम्मा संपला आणि गाडी एकूण चालली 38 हजार! विक्रेता सांगेल, उन्हात उभी राहून रबर तडकलं म्हणून बदलले. होतं असं, अगदीच खोटं नाही. मग ब्रेक पेडलचं रबर बघावं, त्याला ऊन लागत नाही. त्यावरच्या रेघा पार पुसल्या गेल्या असतील, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड खचली असेल, स्टिअरिंग हाताच्या जागी काचेसारखं गुळगुळीत झालं असेल, तर 38 हजारांत एवढं होत नाही. आणि पेडलचं रबर कोरं करकरीत असेल तर ते त्याहून बोलकं, कारण पेडलचं रबर कुणी हौसेने बदलत नाही. शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या भेटींची नोंद असते, तारीख आणि रीडिंगसकट. मालकाला सोबत घेऊन ती मागावी. 2021 च्या नोंदीत 72 हजार दिसले तर गाडी त्यानंतर सगळीकडे रिव्हर्समध्येच फिरली असं समजायला हरकत नाही.

‘नॉन-ॲक्सिडेंट’ या शब्दाचंही तसंच. एक हेडलाइट पिवळट आणि शेजारचा स्वच्छ, म्हणजे दोघांची वयं वेगळी. बॉनेटच्या बिजागऱ्या आणि फेंडर ज्या बोल्टवर बसतात त्यांचा रंग कारखान्यातून येताना अखंड असतो. पाना लागला की कोपरे उडतात. पण सगळ्यात कमी वाचला जाणारा पुरावा विम्याच्या कागदात असतो. गेल्या वर्षीच्या पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ छापलेला असतो: क्लेम न केल्यास पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग चढत चढत पाच वर्षांत 50. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक क्लेम केला की शून्य. सहा वर्षांच्या ‘एक ओरखडाही नाही’ गाडीच्या पॉलिसीवर शून्य दिसलं तर काकांना पुन्हा एकदा पोहे मागून निवांत बोलावं. इथे सावध राहायला हवं, कारण उलटा निष्कर्ष चालत नाही. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, आधीच्या गाडीवरून तो पुढच्या गाडीवर आणता येतो. शिवाय ठोकलेली गाडी खिशातून पैसे घालून नीट करणारेही असतात. तेव्हा पन्नास टक्क्यांनी काही सिद्ध होत नाही, शून्याने मात्र बरंच काही होतं.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा विषय थोडक्यात. 26 जुलै 2005 ची मुंबई, 2019 चं कोल्हापूर-सांगली, 2021 चं चिपळूण: पाणी ओसरलं, बातम्या थांबल्या, गाड्या कुठे गेल्या? विमा कंपनी ‘टोटल लॉस’ धरून पैसे देते आणि सांगाडा लिलावात विकते. लिलावात घेणारा प्रत्येक जण भंगारवाला नसतो. अशी गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावात छान दिसते आणि वायरिंगचे जोड गंजून सहा महिन्यांनी बंद पडते. सीटबेल्ट शेवटपर्यंत खेचून बघावा. सीट कव्हर बदलतात, पण बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्टीवरची गाळाची रेघ धुवायचं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर आक्षेप तयार असतात. पहिला: ‘मारुती आहे हो, काय होतंय तिला?’ कीर्ती खोटी नाही. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, 2014 च्या सुरुवातीपर्यंत बनत होती, आणि तिचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळायचे. पण मॉडेलची कीर्ती ही लाखो गाड्यांची सरासरी. दारात येऊन उभी राहते ती एकच गाडी. त्यातून छोटी गाडी म्हणजे बहुतेक घरांतली पहिली गाडी. तिच्यावर आधी बाबा शिकतात, मग ताई, मग दादा आणि क्लच प्लेट या तिघांचीही गुरुदक्षिणा देते. हा भार कुठल्याच कंपनीच्या कीर्तीत धरलेला नसतो. दुसरा आक्षेप: ‘आमचा ओळखीचा मेकॅनिक आहे.’ उत्तम, न्यावाच. पण त्याला घेऊन जाईपर्यंत मालकाने आपुलकीने गाडी ‘गरम करून’ ठेवलेली असते. थंड इंजिन सुरू होताना जी खडखड ऐकू येते, ऑइल जळाल्याचा जो निळसर धूर दिसतो, तो गरम इंजिनात लपू शकतो. म्हणून गेल्या गेल्या आधी बॉनेटवर हात ठेवावा; कोमट लागलं तर चहा नाकारून दुसऱ्या दिवशी सकाळी यावं. तिसरा आक्षेप शहरी आहे: ‘हल्ली सर्टिफाइड गाड्या मिळतात, दोनशे मुद्दे तपासून.’ तपासणी अगदीच निरुपयोगी नसते, पण ती करतो विकणारा. आणि सोबतच्या वॉरंटीत बहुधा क्लच, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी हे सगळं ‘झीज’ या सदराखाली वगळलेलं असतं. म्हणजे जुन्या गाडीत जे हमखास जातं, ते सोडून बाकी सगळ्याची हमी. सरकारनेही 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना परवाना लागू केला आणि ताब्यातली गाडी कोण, कशासाठी, किती किलोमीटर फिरवतो याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायला सांगितली. ती वही दाखवा, असं म्हणून पाहावं. डीलरच्या चेहऱ्यावरून त्याचा परवाना कळतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध छापला: विकणाऱ्याला गाडीची कुंडली ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही वाईट गाडीचा भाव देतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून उठून जातात. तीन नियतकालिकांनी तो निबंध परत पाठवला, चौथ्याने घेतला, आणि 2001 मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. तेव्हा घेणाऱ्याला काय दोष द्यायचा, तो बिचारा अंधारातच असतो, असं म्हणता येईल. पण टायर, पेडल, पॉलिसी, बोल्ट हा काही अंधार नव्हे; हा भर दुपारी पार्किंगमध्ये उभा असलेला मजकूर आहे. आपल्याकडचा गिऱ्हाईक अज्ञानी असतोच असं नाही, बऱ्याचदा त्याला कळून घ्यायचंच नसतं. त्याला निर्दोष गाडी हवी असते, आणि आठ वर्षांची निर्दोष गाडी नावाची वस्तू अस्तित्वात नाही. खरी तपासणी दोष मोजण्यासाठी असते: क्लच प्लेट येणार, लोअर आर्मचे बुश येणार, दोन टायर येणार, तेवढे पैसे किमतीतून वजा करा आणि गाडी खुशाल घ्या.

ही वजाबाकी करायला कोण बसतं, ते डीलरला पक्कं ठाऊक असतं. त्याच्या यार्डात 2017 च्या दोन सारख्या गाड्या शेजारी उभ्या आहेत अशी कल्पना करा. एकीचं रीडिंग 1 लाख 12 हजार, सोबत प्रत्येक सर्व्हिसच्या बिलाची जाडजूड फाइल, क्लच कधी बदलला ते तारखेनिशी. दुसरीचं रीडिंग 46 हजार, फाइल ‘घरी राहिली’, आणि किंमत तीस हजारांनी जास्त. दुसरी रविवारपर्यंत जाते. पहिलीसाठी फोनही येत नाही, कारण मोबाइलवर गाडी शोधताना लोकांनी ‘50 हजारांच्या आत’ ही खूण आधीच केलेली असते. डीलर महिनाभर वाट पाहतो. मग ती गाडी लॅपटॉपवाल्याकडे जाऊन येते, आणि बिलांची फाइल रद्दीत टाकावी लागते, कारण तिच्यातला एकही आकडा आता गाडीशी जुळत नसतो.