एक, दहा, अकरा

ठाण्यातल्या आमच्या कोपरीत शांतता नसतेच असं नाही. ती शेवटची लोकल गेल्यावर येते आणि पहिली लोकल यायच्या आत निघून जाते. मधल्या वेळात एखादी मालगाडी तिला उठवून बसवते, ते वेगळं. रेल्वे रुळांच्या आणि हायवेच्या बेचक्यात तीस वर्षं संसार केला, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मायक्रोफोन घरात आणला आणि पहिल्याच रात्री आलं.

मायक्रोफोन आणला तो डोंबिवलीच्या मावशीपायी. काचबिंदूने तिची दृष्टी नेली. एक दिवस म्हणाली, “मला ‘श्यामची आई’ वाचून पाठव.” मी म्हटलं, “अगं, तयार ऐकायला मिळतं हल्ली सगळं.” तर म्हणाली, “मिळत असेल. पण लहानपणी तापात मी तुला पुस्तकं वाचून दाखवायचे, त्यांचं काय? फेड आता.” सावकाराने इतकी वर्षं थांबून मुद्दल तेवढं मागितलं, व्याज सोडलं, तर नाही म्हणायला तोंड राहत नाही.

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. तुरुंगात बहुधा कुकरच्या शिट्ट्या नसाव्यात. मी पहिलं वाक्य उच्चारलं आणि खालच्या मजल्यावर तीन झाल्या. दुसऱ्या वाक्याला चेंदणी कोळीवाड्याकडून येणाऱ्या मावशींनी “बोंबिऽऽल” म्हणून साद घातली. तिसऱ्याला भंगारवाला, चौथ्याला खिडकीतलं कबुतर, पाचव्याला ठाणे स्टेशनातली घोषणा. 16 एप्रिल 1853ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी 34 किलोमीटर धावून ठाण्याला पोचली. शांततेवरचा हक्क ठाणेकरांनी बहुधा त्याच दिवशी सोडला. मी तो पावणेदोनशे वर्षांनी परत मागायला निघालो होतो.

ध्वनिप्रदूषणाच्या सरकारी नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ते आकडे निदान माणसासारखे खालून वर मोजतात. संगणकातला डेसिबल मात्र वरून खाली मोजायचा. सगळ्यात मोठा आवाज म्हणजे शून्य. त्याखाली सगळं उणे. ध्वनिपुस्तक करणारी मंडळी म्हणतात, तुम्ही गप्प असताना खोलीचा आवाज उणे 60च्या खाली हवा, म्हणजे कमाल पातळीचा हजारावा हिस्सा. माझी खोली पंखा बंद करूनही उणे 41वर अडून बसली. वीस डेसिबल म्हणजे दहा पट. थोडक्यात, मी गप्प बसलो तरी आमचं घर ठरलेल्याच्या जवळजवळ दहा पट बोलत होतं.

मग उपाय सुरू झाले. फ्रिजची घरघर माइकला फार आवडते असं कळलं, म्हणून फ्रिज बंद केला. वाचन छान झालं. सकाळी आमरसाने डब्यातून बाहेर पडून खालच्या कप्प्यातली कोथिंबीर गाठली होती. तेव्हापासून फ्रिज बंद केला की चष्म्याचं घर आत ठेवतो. सकाळी चष्म्यासाठी फ्रिज उघडावाच लागतो आणि बटणाची आठवण होते. चष्मा थंडगार लागतो, पण संसार टिकतो.

भिंतींवर आपटून परतणारा आवाज अडवायला मऊ कापड लागतं. सगळ्यात दाट कापड बायकोच्या कपाटात निघालं. दोन्ही दारं उघडून साड्यांच्या मधोमध माइक ठेवला, पाठीवर गोधडी घेतली आणि मान आत घातली. समोर पैठणी, नाकात डांबराच्या गोळ्यांचा वास, वर मे महिना. पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हणतात; रोजची एक रात्र वाचायची. घामाचा थेंब पानावर पडला तर तोही ऐकू येतो. मी बाहेर आलो की बायको पाण्याचा तांब्या पुढे करायची. एकदा म्हणाली, “अहो, तुम्ही कपाटात असलात की घर किती शांत असतं!” उणे 60 हा आकडा तिने माझ्या आधी गाठला होता.

वाचताना चूक झाली की थांबायचं नाही; एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं. पडद्यावर टाळीची जागा ताडासारखी उंच उठते, नंतर कापताना चटकन सापडते. पहिल्या रात्री एकोणचाळीस टाळ्या झाल्या. शेजारच्या काकांनी जिन्यात विचारलं, “पहाटेचं भजन सुरू केलंत का? आम्हाला सांगितलं नाहीत.”

आणखी एक गोष्ट शिकलो. वाचायला लागण्याआधी दहा सेकंद नुसतं गप्प बसून रेकॉर्ड करायचं. ऑडेसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्याला ही दहा सेकंदं दाखवून सांगायचं, असा आवाज दिसेल तिथून काढ. जिथे खोकला कापला, तिथे भोक पडू नये म्हणून ठिगळ लावायचं, तेही याच शांततेचं. दुसऱ्या रात्रीची शांतता पहिल्या रात्रीला चालत नाही, जोड दिसतो. शांततेलाही वाण असतो, हे ठिगळं लावताना कळलं. सफाईचा हव्यास केला तर मात्र उलटतं. एकदा मी इतकं घासलं की श्यामची आई विहिरीच्या तळातून बोलायला लागली. सगळं पुसून पुन्हा कपाटात शिरलो.

अशा बेचाळीस रात्री. न दाबलेली फाइल मिनिटाला पाच एमबी खाते, ऐकण्याजोगी एमपी३ एका एमबीत भागते. मी दोन्ही जपल्या. नावं साधी ठेवली: रात्र 1, रात्र 2, अशी रात्र 42पर्यंत. पेन ड्राइव्हवर घातल्या, मावसभावाने तो डोंबिवलीला मावशीच्या स्पीकरच्या डब्यात खोचला, आणि मी पंखा लावून झोपलो.

आठवड्याने फोन आला. “अरे, गुरुजींनी गोष्ट अशी उड्या मारत सांगितलीय होय? शाळेत असताना वाचली तेव्हा सरळ होती.”

मी कपाळाला हात लावला. यंत्राला गणित येत नाही, बाराखडी येते. त्याच्या हिशेबात एकनंतर दहा येतो, मग अकरा, असं एकोणीसपर्यंत. मग दोन, मग वीस. एक अंकी आकड्यांमागे शून्य लावायला मी विसरलो होतो. 01, 02 असं लिहिलं असतं तर रात्री रांगेत उभ्या राहिल्या असत्या. डेसिबलच्या पायी महिने घालवले आणि शून्य विसरलो.

“चूक माझी, मावशी. उद्याच दुसरा पेन ड्राइव्ह पाठवतो.”

“पाठव,” ती म्हणाली. “पण हा परत मागू नकोस.”

“का?”

“आई गेली रे त्यात. श्राद्धही झालं. मी बंद करायला हात लांबवला, तर बटण सापडेना. तेवढ्यात पुढची रात्र लागली. बघते तर आई मथुरीला ताप आला म्हणून काळजी करतेय.”

मी मनात आकडे मांडले. बेचाळीसनंतर यंत्राकडे उरतात पाच, सहा, सात, आठ आणि नऊ. मावशीच्या डब्यात आई जाते आणि मग पाच रात्री असते. शेवटी मोरी गाय दोहते.

“आणि नवव्या रात्रीच्या शेवटी,” ती म्हणाली, “तू बराच वेळ काही बोललाच नाहीस.”

ते सुरुवातीचे दहा सेकंद, ठिगळासाठी काढून फाइलच्या शेवटी ठेवलेले. कापायचे राहून गेले होते. मी म्हटलं, “ते चुकून राहिलं. रिकामं आहे ते.”

“रिकामं कुठलं? लांब गाडी जात होती. तू तिथेच होतास.”