शुभ्रेच्छुक

लग्नाची तारीख ठरली, की हॉल आणि केटररच्या पाठोपाठ घरात एक शुभ्रेच्छुक जन्माला येतो. कधी तो स्वतः नवरदेव असतो, कधी नवरीचा मामा. अंगाला हळद लागायच्या आत दातांची उतरली पाहिजे, हा त्याचा पण. मोबाइल उलटा धरून, ‘ई’ करून तो दातांचे फोटो काढतो: एक ट्यूबलाइटखाली, एक खिडकीपाशी, एक पांढऱ्या शर्टाची कॉलर शेजारी धरून. कॉलरपुढे अर्थातच हरतो. मग कोळशाची पावडर, लिंबू-सोडा, ‘व्हाइटनिंग’ पेस्ट, चिकटवायच्या पट्ट्या आणि क्लिनिकमधलं ब्लीचिंग यांचा तक्ता तयार होतो. किंमत किती, दिवस किती, चुलतभावाला गुण आला का, हे रकाने तो मन लावून भरतो. दात पिवळे कशाने झाले, हा रकाना मात्र त्याच्या तक्त्यात नसतोच. माझ्या मते उपाय निवडायला तिथूनच सुरुवात करायला हवी. शुभ्रेच्छुक नेमकं तेच टाळतो, कारण ते उत्तर बऱ्याचदा त्याच्या खिशातल्या पुडीत असतं.

पिवळेपणा एका जातीचा नसतो. चहा, तंबाखू, मशेरी यांचे डाग बरेचसे दाताच्या वरच्या अंगाला बसतात. ते डेंटिस्टकडच्या साध्या क्लीनिंगने पुष्कळ निघतात. पण ‘क्लीनिंग केलं’ हे मांडवात सांगण्यासारखं नसल्याने त्याला मान नाही. दुसरा पिवळेपणा आतला. एनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर. वयाबरोबर एनॅमल झिजतं, तसा तो रंग वर दिसू लागतो. इथे पेरॉक्साइड खरोखर काम करतं. दाताच्या मापाच्या ट्रेमध्ये 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल भरून रात्री लावायची पद्धत हेवूड आणि हेमन यांनी 1989 साली मांडली. ती अजून टिकून आहे, पण तिला काही आठवडे लागतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्याचे किंवा लहानपणीच्या टेट्रासायक्लीनचे डाग याहून चिवट. शिवाय पेरॉक्साइडने कॅपचा रंग बदलत नाही. शेजारचे दात उजळले, की ती वरातीत घरच्या कपड्यांवर आलेल्या काकांसारखी उठून दिसते. कारण न पाहता उपाय निवडणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

यावर शुभ्रेच्छुक आजीला साक्षीला उभं करतो: ती जन्मभर राखुंडी लावायची, तरी दात शेवटपर्यंत शाबूत! पण दाखले शाबूत दातांच्या आज्यांचेच दिले जातात. बाकीच्यांच्या कवळ्या साक्ष द्यायला येत नाहीत. राख काय, कोळसा काय, घासून डाग काढतात हे खरं. पण त्याबरोबर एनॅमलही झिजू शकतं, ते पुन्हा येत नाही, आणि खालचं पिवळं डेंटिन आणखी उघडं पडतं. कोळशाच्या दंतमंजनांचा 2017 साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात आढावा आला, त्यात त्यांच्या गुणाचा वा सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा सापडला नाही. ‘लिंबू तरी नैसर्गिक आहे ना?’ आहेच. पण एनॅमल साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळू लागतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. आम्ल झाडावर पिकलं म्हणून दाताला सवलत देत नाही.

त्याचा शेवटचा मुद्दा त्यातल्या त्यात वजनदार: ‘लग्न एकाच दिवसाचं आहे, मग क्लिनिकमध्ये एका बैठकीत काम उरकलं तर बिघडलं कुठे?’ बिघडत काहीच नाही. डेंटिस्टच्या देखरेखीखाली ते सुरक्षितही आहे. फक्त उठताना दिसणाऱ्या शुभ्रतेतला काही भाग दात कोरडे पडल्याचा असतो आणि तो थोड्या दिवसांत ओसरतो. निळ्या दिव्याने फारसं अधिक काही साधतं असंही दिसत नाही. वर मुहूर्ताच्या आदल्या दिवशी हा खटाटोप केला, तर रिसेप्शनच्या आइस्क्रीमला दात झिणझिणण्याची शक्यता. निव्वळ अल्बमसाठी दात पांढरे हवे असतील, तर फोटोग्राफर ते काम संगणकावर बिनझिणझिणीचं करून देतो. म्हणून शहाणा क्रम असा: महिना-दीड महिना आधी तपासणी, मग क्लीनिंग, आणि तरीही पिवळेपणा उरला तरच जेल. या क्रमाची पहिली पायरी शुभ्रेच्छुकाला सर्वांत अवघड जाते. खुर्चीत आडवा पडल्यावर ‘चहा दिवसातून किती वेळा?’ असं डेंटिस्ट विचारतो. तो ‘दोनदाच’ म्हणतो. पण त्यासाठी त्याला तोंड उघडावं लागतं, आणि खरा आकडा तिथेच दिसतो.