आतून डावं, बाहेरून उजवं

विरार स्टेशनातून आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्याला लागलं की बोळिंज येतं. आधी वाड्या, विहिरी, केळी आणि कौलारू घरं होती. मग त्यांच्या डोक्यावरून डोकावणाऱ्या इमारती आल्या. यातल्या प्रत्येक इमारतीत एक खिडकीवाले काका राहतात. पाटीवरचं नाव काहीही असो, मजला कुठलाही असो, माणूस तोच. ओळखायची खूण अशी की शर्टाच्या खिशात जिथे इतर पेन्शनर पेन लावतात, तिथे यांच्या खिशातून खिडकीचं तुटकं हँडल बाहेर आलेलं असतं.

काका मूळचे गिरगावचे, नाहीतर लालबाग-परळचे. खोली दहा बाय बारा, माणसं आठ, खिडकी एक. त्या खिडकीवर आधी आजोबांचा हक्क, मग वडलांचा, मग थोरल्या भावाचा. आपला नंबर लागेपर्यंत आपण रिटायर होऊ, हे ओळखून काकांनी विरार गाठलं. लोक म्हणतात, स्वस्त जागेसाठी माणसं इकडे आली. काका चौरस फूट कधीच सांगत नाहीत. कारपेट किती, बिल्ट-अप किती, हे बिल्डरनेच आपल्याला सांगायचं आणि आपण मान डोलवायची, असा त्यांचा अनुभव. ते म्हणतात, "चार खिडक्या आहेत. संडासाची धरत नाही मी."

त्यात नोकरी फोर्टातली. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, सकाळ-संध्याकाळ. १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली लोकल सुटली, तेव्हा रोज एकच गाडी जायची आणि एकच यायची. त्या गाडीत पहिल्या दिवशी खिडकी कोणी पकडली याची नोंद रेल्वेने ठेवली नाही, ही काकांच्या मते मोठीच हयगय. स्वतः काका ऐन उमेदीत गाडी थांबायच्या आत चढून खिडकी धरत. आणि धरत ती हवेची खिडकी, म्हणजे गाडीच्या दिशेला तोंड असलेली. पाठमोऱ्या खिडकीत बसणाऱ्याला ते आजही खिडकीत बसलेला मानत नाहीत. डब्याच्या शटरचा कुठला खटका बोटावर आपटतो आणि कुठला भरवशाचा, हे त्यांना पाठ होतं. असा माणूस रिटायर होऊन घरी बसला की तो खिडकीपाशीच बसणार, आणि बसला की त्याला हँडल दिसणार.

आता बोळिंजची गंमत अशी, की ज्या हवेसाठी काका इथे आले तीच हवा हँडल खाते. अर्नाळ्याचा समुद्र फार लांब नाही. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा येतो तो मीठ घेऊनच येतो. या पट्ट्यात खिडकीचं हँडल वापरून झिजत नाही, नुसतं राहून झिजतं. म्हाडाची इथली हजारो घरं कैक वर्षं गिऱ्हाइकाची वाट पाहत बंद होती, तेव्हा सगळे पाण्याची आणि किमतीची चर्चा करत, काका एकटे हळहळत, "हात न लागता हँडलं सडत असतील हो."

हँडल मरतं कसं, हे त्यांच्याकडूनच ऐकावं. दिसायला स्टील, आतून जस्ताचं ओतीव. वरचा मुलामा फुगतो, पापुद्रा सुटतो, आणि मूठ जिथे पट्टीला मिळते तिथे केसाएवढा तडा जातो. एक दिवस आपण नेहमीसारखी खिडकी ओढतो आणि मूठ हातात, खिडकी जागच्या जागी. पण हा झाला सरळ मृत्यू. खरा घोळ स्क्रूचा. चौकट अॅल्युमिनियमची, स्क्रू लोखंडी आणि दोहोंमध्ये खारं पाणी. "दोन धातू आणि मिठाचं पाणी म्हणजे काय झालं?" काका विचारतात. आपण गप्प. "बॅटरी झाली!" आणि या बॅटरीत मरतो तो बिचारा अॅल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी पूड धरते, भोक मोठं होतं, आटे जातात आणि स्क्रू नुसताच गोल फिरत राहतो. मग नवं हँडल आणलंत तरी ते धरणार कशाला? यावर काकांचा इलाज ठरलेला आहे. आधी एक नंबर जाड स्क्रू, तोही स्टेनलेसचा आणि खाली नायलॉनचा वायसर घालून, म्हणजे निदान डोक्याखाली तरी धातूला धातू लागत नाही. तो नाही धरला तर रिपिट. हँडल जमल्यास ३१६ स्टेनलेसचं. ३०४ मध्ये नसलेलं मॉलिब्डेनम त्यात असतं आणि खाऱ्या हवेत ते टिकतं. सोसायटीच्या मीटिंगला पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू असताना काकांनी मॉलिब्डेनम हा शब्द उच्चारला, तेव्हापासून सेक्रेटरी त्यांना जरा बिचकून असतात.

हे सगळं शास्त्र बरोबर आहे. अडतं ते हार्डवेअरच्या दुकानात.

काका रिकाम्या हाताने दुकानात जात नाहीत. "नमुना घेऊन जावं" हा त्यांचा धर्म. लोक फोटो दाखवतात, त्यांची त्यांना कीव येते. फोटोत दोन भोकांमधलं अंतर दिसत नाही, पंज्याची उंची दिसत नाही. हँडलच्या टोकाला जो पंजा असतो तो चौकटीवरच्या पट्टीत जाऊन अडकायला हवा. दोन मिलिमीटर उंच झाला तर खिडकी सैल राहते आणि रात्रभर खडखडते, दोन मिलिमीटर बुटका झाला तर लागतच नाही. म्हणून काका तुटकं हँडल, त्याचे स्क्रू आणि स्टीलची फूटपट्टी असा लवाजमा घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात शिरतात. कपाळावर हात मारायची सवय दुकानदाराला नाही, कारण कपाळ आणि गिऱ्हाईक एकाच वेळी सांभाळता येत नाही. तो नमुना उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, "लेफ्ट की राइट?"

या प्रश्नासाठीच काका घरून निघालेले असतात.

"आतून की बाहेरून?"

"मतलब?"

"मतलब असा, शेठ, मी घरात उभा आहे. बिजागरी माझ्या उजव्या हाताला. हँडल डावीकडे. आतून डावं. पण तुमचा कारखानदार कुठे उभा आहे? तो जर रस्त्यावर उभा राहून बघत असेल, तर हेच उजवं."

मागे उभा असलेला माणूस पाव किलो खिळे मागतो. त्याला कोणी देत नाही. दुकानदार खोक्यातून दोन हँडलं काढतो, काका दोन्ही हवेत धरून काल्पनिक खिडकी उघडतात, बंद करतात, मग उलटे वळून बाहेरून उघडतात. दुकानाचा पोऱ्या तेवढ्यात चहा आणतो आणि काकांच्या खिडकीतून आत यावं की वळसा घालावा, हे न कळून थांबतो.

शेवटी दुकानदार म्हणतो, "अंकल, ये मॉडेल बंद हो गया."

हे वाक्य ऐकून दुसरा माणूस खचला असता. काकांचा चेहरा उजळतो. मॉडेल बंद झालं म्हणजे शोध लांबला. आता नालासोपारा आलं, वसई आलं, आणि तिथेही नाही मिळालं तर मुंबईत नागदेवी, लोहार चाळ. जुना पास जाऊन आता ज्येष्ठ नागरिक झालेल्या माणसाला लोकलमध्ये चढायला कारण लागतं. ते कारण आज खिशात असतं. मधल्या वेळची गाडी, खिडकी रिकामी, हवेची.

तोवर घरात खिडकी नाडीने बांधलेली असते. पायजम्याची जुनी नाडी, एक टोक मोडक्या पट्टीत, दुसरं ग्रिलच्या गजाला. काकूंना या सगळ्यात एवढंच म्हणायचं असतं, की पाऊस आला की नाडी ओली होते, गाठ बसते, मग ऊन पडल्यावर खिडकी उघडत नाही आणि कपडे वाळत नाहीत. "अहो, कुठलंही बसवा," त्या म्हणतात. कुठलंही! काका तो शब्द ऐकून खुर्चीत सावरून बसतात. चार खिडक्यांना चार तऱ्हेची हँडलं असलेली घरं त्यांनी पाहिली आहेत. अशा घरात ते पाणीसुद्धा अर्धंच पितात.

जुनं फेकायचं नाही, हा त्यांचा दुसरा धर्म. पलंगाखाली श्रीखंडाचे डबे आहेत: एकात मुठी, एकात पंजे, एकात नुसते आटे गेलेले स्क्रू. ते कशाला, असं विचारलं तर उत्तर नाशिकमार्गे येतं. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात लावली, ती आजही तिथे आहे. मोहीम, तह, तोफा, सुरुंग यांतलं काकांना काही सांगता येत नाही. पण चांगलं ओतीव सामान उतरवून दुसरीकडे बसवलं, एवढ्यावरून पेशव्यांबद्दल त्यांचं मत उत्तम आहे.

मुलगा पुण्यात असतो. त्याने न राहवून एकदा हँडल ऑनलाइन मागवलं. आलं, सुरेख खोक्यात, आणि उजवं आलं. काका त्या दिवशी चार मजले उतरून खाली गेले, वॉचमनला ते दाखवलं, भाजीवालीला दाखवलं, आणि ते खोकं परत पाठवू दिलं नाही. दिवाणखान्यात शोकेसमध्ये आहे, मुलाच्या पदवीच्या फोटोशेजारी.

गेल्या वर्षी सोसायटीने ठराव केला, की सगळ्या खिडक्या काढून स्लायडिंगच्या बसवायच्या. स्लायडिंगला हँडलच नसतं. खाचेत बोट घालायचं आणि सरकवायचं. ठराव एकमताने झाला, कारण काका तेव्हा लोहार चाळीत होते. परत आले तेव्हा खाली अंगणात खिडक्यांची चळत लागलेली आणि फॅब्रिकेटरचा पोरगा हँडलं उपटून गोणीत टाकत होता. भंगाराला जायची होती. काका काही बोलले नाहीत. वर गेले, श्रीखंडाचे रिकामे डबे घेऊन खाली आले, आणि गोणीशेजारी पाटावर बसून डावी-उजवी निवडू लागले. पोराने आधी हटकलं, मग गंमत म्हणून हातभार लावला, आणि दुपारी काकूंकडचा चहा पिऊन गेला.

या जूनमध्ये तोच पोरगा भिजत काकांच्या दाराशी आला. पलीकडच्या सोसायटीत जुन्याच खिडक्या, सातव्या मजल्यावर हँडल तुटलेलं, पाणी पलंगापर्यंत, आणि बाजारात ते मॉडेल नाही. "काका, एक डावं मिळेल का? अर्जंट आहे."

काकांनी दार पुरतं उघडलं नाही. चष्मा लावला.

"आतून डावं की बाहेरून?"

"आतून, आतून. मी स्वतः आत उभा राहून बघितलं."

"नमुना?"

पोराने ओल्या खिशातून मोबाइल काढला, काच शर्टाला पुसली आणि फोटो मोठा करून पुढे धरला. काकांनी तो पाहिलासुद्धा नाही.

"याला आटे दिसतात का तुला? जा, काढून आण. स्क्रूसकट."