शॅल, विल आणि नायब तहसीलदार

जुन्या इंग्रजी व्याकरणकारांच्या एका आवडत्या कथेत नदीत बुडणारा परदेशी गृहस्थ ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असा आक्रोश करतो आणि काठावरची सुशिक्षित इंग्रज मंडळी, बुडण्याचा व कोणालाही वाचवू न देण्याचा त्याचा दृढनिश्चय व्याकरणाधारे मुकर्रर करून, त्याच्या इच्छेचा मान राखतात. दोन शब्दांची अदलाबदल केली असती तर बिचारा वाचता! पुण्याच्या सदाशिव पेठेतील स्पर्धा परीक्षांच्या कोणत्याही अभ्यासिकेत ही कथा सांगून पाहा, कोणी हसणार नाही. तेथील प्रत्येकाने ह्याच डोहात कधी ना कधी गुण गमावलेले असतात.

स्पर्धा परीक्षेतील असा प्रश्न रचण्याची विद्या मोठी सूक्ष्म आहे. समजा, ‘आय ॲम लेट’ ह्या वाक्याला प्रश्नार्थक शेपूट जोडायचे आहे. पर्याय चार: ‘ॲम आय नॉट’, ‘आरन्ट आय’, ‘ॲमन्ट आय’ आणि ‘इझन्ट इट’. पहिला पोथीनिष्ठांना मान्य, दुसरा इंग्लंडात सर्वांच्या तोंडी, तिसरा आयर्लंड-स्कॉटलंडात नांदणारा आणि चौथा आपल्या दफ्तरांत पिढ्यान्‌पिढ्या सुखाने वापरला जाणारा. उमेदवाराने येथे इंग्रजी भाषा ओळखावयाची नसून, प्रश्न काढताना प्राश्निक महाशयांच्या मेजावर कोणते गाइड उघडे होते, हे अंतर्ज्ञानाने ओळखावयाचे असते. अंतर्ज्ञान चुकले की निगेटिव्ह मार्किंगची कात्री आहेच.

मग प्रथम उत्तरतालिका प्रसिद्ध होते, तिच्यावर पुराव्यासह हरकती दाखल होतात, एका बाजूने ‘शॅल’चा व दुसऱ्या बाजूने ‘विल’चा कैवार घेणारी झेरॉक्स पाने सादर होतात, आणि अंतिम उत्तरतालिकेत प्रश्न रद्द होऊन वादी-प्रतिवादी दोघेही सारखेच नागवले जातात. पुराव्यात रेन आणि मार्टिन ह्यांचे व्याकरण बहुधा असतेच. (ह्यांतील रेनसाहेब हिंदुस्थानात शिक्षणखात्याची चाकरी करून गेले आणि 1924 साली त्यांनी ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहिली, तिचे नायक घरदार सोडून सहारा वाळवंटातील परकीय पलटणीत भरती होतात, रेनसाहेबांच्या व्याकरणाच्या वाचकास हा निर्णय मुळीच अस्वाभाविक वाटत नाही.)

वस्तुतः फाउलर बंधूंनी 1906 सालच्या ‘द किंग्ज इंग्लिश’ ह्या ग्रंथात स्वच्छ कबुली दिली आहे की ‘शॅल-विल’चा विवेक दक्षिण इंग्लंडातील मनुष्यास उपजत असतो, इतरांस तो साध्य होणे जवळजवळ दुरापास्त. स्कॉटिश माणसाला जे जमले नाही ते आपण अलीकडेपर्यंत औसा आणि अक्कलकुव्याच्या पोरांकडून एका मिनिटाच्या आत वसूल करू पाहत होतो! आणि हे कोणत्या कामासाठी? तर नायब तहसीलदार होऊन फेरफार तपासण्यासाठी, अवकाळीने आडव्या झालेल्या द्राक्षबागांच्या पंचनाम्यांवर देखरेख ठेवण्यासाठी आणि रेशनकार्डाच्या तक्रारी ऐकण्यासाठी; ज्या कामांचे कागद, 1964 च्या राजभाषा अधिनियमान्वये, मराठीत लिहावयाचे असतात.

भाषेचे ज्ञान जोखावयाचेच असेल तर एखादा उतारा द्यावा, एखादे पत्र लिहून घ्यावे. तपासणाऱ्याला श्रम पडतील, पण न्याय होईल. तेवढे श्रम घेणे नसेल, तर अजूनही असे पर्यायी प्रश्न घालणाऱ्यांस नम्र विनंती, की ‘जन्मस्थान: दक्षिण इंग्लंड’ ही अट जाहिरातीतच घालावी, म्हणजे उमेदवारांचे परीक्षाशुल्क तरी वाचेल.