नीशकर

"माझी नीश अजून सापडत नाहीये," असं आमच्या शेजारचा मुलगा एके रात्री जेवताना म्हणाला, तेव्हा भाकरी थापणाऱ्या आजीचा हात परातीतच थांबला. "कोण रे ही निशा? कुठल्या गावची?"

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी ही बातमी फुटली. संध्याकाळपर्यंत तिला पाय फुटून ती नाक्यावर माझ्या दुकानात आली. पोरगी हरवली आहे, की पळून गेली आहे, की नुसतं नाहीच म्हणाली आहे, यावर गावात तीन मतं होती. एका शहाण्या बाईंनी तर रोह्यात नर्सिंग करणारी एक निशा आहे, स्थळ चांगलं आहे, हेही सुचवून टाकलं. त्या दिवसापासून त्याचं नाव नीशकर पडलं. खरं नाव आता फक्त रेशन कार्डावर उरलं आहे.

नीश म्हणजे काय, ते त्यानं मला पुढे समजावून सांगितलं. एकच छोटासा विषय धरायचा, त्यावर वेबसाइट काढायची, तिथे वस्तूंची माहिती लिहायची आणि खाली दुकानाची लिंक द्यायची. कुणी त्या लिंकवरून जाऊन वस्तू घेतली की आपल्याला कमिशन. म्हणजे लोक झोपेत खरेदी करणार आणि हा झोपेत कमावणार. मी शब्दकोश उघडून पाहिला. मूळ शब्दाचा अर्थ निघाला कोनाडा. जुन्या घरात दिवा ठेवायला भिंतीत करतात तो. नीशकरच्या स्वयंपाकघरात एक आहे. त्यात आजीची काडेपेटी आणि गुडघ्याचं तेल असतं.

खांब हे मुंबई-गोवा महामार्गावरचं आमचं गाव. नागोठण्याहून निघालं की वाकण, मग सुकेळीची खिंड, मग आम्ही, मग कोलाड. आमच्याकडे पोरगं शिकलं की नागोठण्याला नाहीतर धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागतं. नीशकरही धाटावला दीड वर्ष शिफ्ट करत होता. एका रात्रपाळीत त्यानं मोबाइलवर एका सरांचं व्हिडिओ-व्याख्यान ऐकलं. सर गाडीला टेकून उभे होते. पाच हजारांचा कोर्स होता, पण त्याच रात्री बारापर्यंत घेतला तर दोन हजारांत. ह्यानं बाराला दहा कमी असताना पैसे भरले. कोर्सच्या शेवटच्या धड्यात सरांनी गुपित फोडलं: हाच कोर्स तुम्ही आणखी कुणाला विकलात तर चाळीस टक्के तुमचे. नीशकरनं त्यात काही वावगं पाहिलं नाही. मला मात्र ती गाडी कुणाच्या पैशांची, ते कळलं.

नोकरी सोडली त्या दिवशी अण्णा, म्हणजे नीशकरचे वडील, माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसले. अण्णा जमिनीचे दलाल. रायगडात चहाच्या टपरीवर तीन माणसं बसलेली दिसली तर त्यांतले दोघे एजंट असतात आणि तिसरा त्यांचं ऐकून उद्यापासून होणार असतो. अण्णा मात्र जुने, सातबारा नुसता हाताला लागला तरी फेरफार सांगणारे. "दलाली करायचीय ना त्याला?" ते म्हणाले. "मग माझ्याबरोबर फिरायला काय झालं? मी निदान गिऱ्हाइकाला जागा दाखवून दोन टक्के घेतो. पाहिल्याशिवाय कधी काही विकलं नाही." (हे अगदीच खरं नव्हे. सुकेळीकडचा एक प्लॉट त्यांनी ऐन जुलैत, डांबरी रस्त्यावर उभं राहून, छत्रीच्या टोकानं दाखवला होता. प्लॉट पाण्याखाली होता.)

ही पद्धत काही नीशकरच्या सरांनी शोधलेली नाही. अ‍ॅमेझॉननं ती जुलै 1996 मध्ये पुस्तकं विकण्यासाठी सुरू केली, तेव्हा कोकण रेल्वेचं काम अजून चालूच होतं. तिचे नियम मात्र अण्णांच्या धंद्यापेक्षा कडक. तुमच्या लिंकवरून गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ते चोवीस तास तुमचं. पंचविसाव्या तासाला त्यानं सोन्याची लंका घेतली तरी तुम्हाला दमडी नाही. अण्णांनी हे ऐकलं आणि ते गंभीर झाले. त्यांचं एक गिऱ्हाईक सात वर्षं जागा बघत होतं आणि आठव्या वर्षी त्यानं परस्पर व्यवहार केला, तरी अण्णा अजून त्याच्याकडे दलाली मागायला जातात.

पहिली नीश ठरली ती कोलाडच्या राफ्टिंगवरून. हिशोब तसा चुकीचा नव्हता. भिऱ्याला 1927 पासून वीज तयार होते, ते काम झालं की सकाळी पाणी कुंडलिकेत सुटतं आणि मुंबई-पुण्याची माणसं हेल्मेट घालून त्यावर ओरडत जातात. त्यांना तंबू लागणार, पाण्यात घालायचे बूट लागणार. नीशकरनं साइट काढली, इंग्रजीत. नाव गावाचंच पुढे लावलं. आधी त्याला सगळा पत्ताच देवनागरीत हवा होता. 2014 पासून .भारत मिळतं. पण तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की कधी कधी एक्स-एन-डॅश-डॅश आणि पुढे मांजर कळफलकावरून गेल्यासारखी अक्षरं उमटायची. आत्यानं ते व्हायरस समजून त्याला ब्लॉक केलं. मग इंग्रजी पत्ता आला.

दुपारी तो पडवीतल्या उजव्या कोपऱ्यात बसायचा, कारण रेंज तिथेच. लॅपटॉपखाली पाट, पाटाखाली मांजर. "2022 मधले सर्वोत्तम 10 तंबू" हा त्याचा पहिला लेख. पहिलंच वाक्य होतं की आम्ही हे दहाही तंबू चाळीस तास वापरून पाहिले. मी विचारलं, "अरे, तू तंबूत कधी झोपला आहेस का?" तो म्हणाला, "काका, तसं लिहावंच लागतं. सगळे लिहितात." मग जरा थांबून, "गेल्या वर्षी लग्नाच्या मांडवात झोपलो होतो."

पुढे तंबूंच्या जोडीला मिक्सर आणि पंखेही साइटवर आले. माझं दुकान विजेच्या सामानाचं, म्हणून त्यांच्यासाठी तो माझ्याकडे यायचा. ह्याचा वास का येतो, ह्याची वाटी कुठे गळते, कोणता माल परत येतो, सगळं वहीत टिपून घ्यायचा. चांगला ऐकायचा, हे कबूल करायला हवं. मी वीस वर्षांत शिकलेलं त्यानं दोन दुपारींत नेलं. घरी जाऊन मात्र दहाच्या दहा मिक्सरांना साडेचार तारे दिले. ज्याची वाटी गळते म्हणून मी दोनदा बजावलं होतं, तो दुसऱ्या नंबरावर. "त्याच्यावर कमिशन बरं आहे," असं पुटपुटला आणि माझ्याकडे न बघता गेला.

मग आला एकशे ऐंशी दिवसांचा फेरा. नियम असा की खातं उघडल्यापासून तेवढ्या दिवसांत तीन तरी विक्री व्हायला हवी, नाहीतर खातं बंद. दीडशेव्या दिवशी आकडा शून्य होता. घर कामाला लागलं. डोंबिवलीच्या आत्यानं कुकर मागवला, पनवेलच्या मामानं इस्त्री, आणि अण्णांनी तोंड वाकडं करत स्वतःसाठी छत्री. (नवी, प्लॉट दाखवायला.) तीन झाले. घरात शिरा झाला. रात्री त्यानं नियमावली पुन्हा वाचली: स्वतःची खरेदी चालत नाही, नातेवाइकांची आणि मित्रांचीही नाही. आता खांबात अशी तीन माणसं शोधायची, की जी नात्यातली नाहीत, ओळखीतली नाहीत, आणि तरीही आपलं ऐकून पैसे खर्च करतील. अण्णा म्हणाले, असं माणूस मला तीस वर्षांत एक मिळालंय. एकशे एक्क्याऐंशीव्या दिवशी खातं बंद झालं. त्यानं नवा अर्ज केला.

दुसऱ्या खेपेला थोडं जमलं. बेंगळुरूच्या कुणा अनोळखी सज्जनानं बूट घेतले. त्या रात्री नीशकर मला शटर ओढताना येऊन सांगून गेला: एकोणपन्नास रुपये. मी फार माणसं खूश झालेली पाहिली आहेत, पण एकोणपन्नास रुपयांत इतकं खूश झालेलं नाही.

2023 च्या गणपतीत गूगलनं चाळण बदलली. स्वतः न वापरता, नुसतं शोधात वर येण्यासाठी लिहिलेल्या पानांना खाली ढकलायचं, असं ठरलं म्हणे. 14 सप्टेंबरला सुरू झालेलं ते काम 28 ला संपलं, म्हणजे नेमकं अनंत चतुर्दशीला. पेणहून आणलेली मूर्ती आम्ही दीड दिवसांनी पोचवली. नीशकरचं विसर्जन पंधरा दिवस चाललं. त्यानं मला आलेख दाखवला. सुकेळीची खिंड ट्रकनं न्यूट्रलमध्ये उतरावी तशी रेघ होती. साइटवर त्यानं पाटी लावली: "काम चालू आहे." आमच्या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं तेव्हापासून ही पाटी आमच्या पाहण्यातली, त्यामुळे कुणाला धक्का बसला नाही.

पण ती रेघ शून्याला काही टेकली नाही. रोज दहा-बारा माणसं येतच होती. कुठून येतात म्हणून त्यानं शोधाचे शब्द तपासले आणि तो दुकानात धावत आला. "काका, हे बघा." यादी अशी: विजेचा खांब वाकला तक्रार कुठे करावी. शेतातला खांब हटवण्यासाठी अर्ज. खांबाला शॉक लागतो काय करावे. लोक खांब शोधत होते आणि गूगल त्यांना आमच्या गावाच्या नावावरून कोलाडच्या तंबूंत आणून सोडत होतं.

खांब म्हणजे काय, हे आम्हाला सांगायला नको. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं चढलं, तेव्हा रायगडभर विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले. भिऱ्याची वीज मुंबईला जाते म्हणून आम्ही एरवी कुरकुर करतो. त्या दिवसांत कुरकुर करायला मोबाइलही चार्ज नव्हता. नीशकरला नीश सापडली होती, ती अशी दाराशीच उभी होती, सिमेंटची.

आता शहाण्यानं काय केलं असतं? याचा विचार नीशकरनं केला नाही. साइट मराठीत आणली आणि इतर मराठी साइटांवर जे धो धो चालतं ते उचललं: "शेतात खांब किंवा डीपी असेल तर शेतकऱ्याला महिना 5,000 रुपये! 2003 च्या वीज कायद्यात कलम 57!" तुमच्या मोबाइलवरही ते आलं असेल. कलम 57 आहे, पण ते वीज कंपनीनं सेवेचा दर्जा पाळला नाही तर भरपाई द्यायची त्याबद्दल. खांबाला घरभाडं देण्याबद्दल त्यात अक्षर नाही. पण मथळ्यात उद्गारचिन्ह होतं, आणि एका आठवड्यात आधीच्या दीड वर्षापेक्षा जास्त माणसं आली.

त्यांतले एक चालत आले. नीशकरचे सख्खे मोठे काका, म्हणजे तात्या. रविवारी सकाळी पडवीत, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि वालाच्या शेतातल्या खांबाचा फोटो. मी तिथे चहाला होतो. "अरे, तू कॉम्प्युटरवर असतोस, तर हा अर्ज भरून दे," तात्या म्हणाले. "आपल्या शेतात दोन खांब आहेत. महिना दहा हजार झाले. सहा वर्षांचे मागचेही धरायचे का?" आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर नीशकरचंच पान. वर गावाचं नाव, खाली उद्गारचिन्ह.

नीशकर बघत राहिला. तात्या चष्मा कपाळावर सारून वाट पाहत होते. आजी आतून म्हणाली, चहा निवतोय. त्यानं "तात्या, हे खोटं आहे" म्हणायला बराच वेळ घेतला. "खोटं कसं? छापून आलंय." "ते मीच छापलंय." तात्यांनी सातबारा पुन्हा पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, मग ती सोडून पुन्हा मारली. अण्णा खाटेवरून एवढंच बोलले, "खोटं विकायचं तर निदान प्लॉट तरी हवा."

त्याच रात्री पान बदललं. आता तिथे खरंच काय करायचं ते आहे: वाकलेल्या खांबापासून लांब राहा, हात लावू नका, 1912 ला फोन लावा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा, अर्जात काय लिहावं त्याचा नमुना. सगळ्यात खाली, वीज येईपर्यंत म्हणून, घरातली वीज गेली तरी जळत राहणारा इन्व्हर्टर बल्ब, आणि त्याखाली लिंक. तो बल्ब माझ्या दुकानातून नेऊन तो दोन रात्री पडवीत लावून बसला होता. चार तास चालतो असं खोक्यावर आहे. त्यानं सव्वातीन लिहिलं. तारे साडेतीन दिले.

पावसाळ्यात ते पान बरं चालतं. पहिल्या वाऱ्याला चालतंच. किती मिळतात ते नीशकर सांगत नाही, पण धाटावचं नाव काढत नाही आणि माझ्या बल्बांचे पैसे वेळेवर देतो. तात्यांनीही ते पान पूर्ण वाचलं, खालच्या लिंकवर बोट ठेवून नीट पाहिलं, आणि नाक्यावर येऊन बल्ब माझ्याकडून घेतला. तिथल्यापेक्षा वीस रुपये कमी लावले म्हणून. तसंही ते नात्यातले. चाललं नसतं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. नीशकर आलेख दाखवत होता. रेघ जरा वर चढत होती. तेवढ्यात कडाड वाजलं आणि सबंध आळी काळी पडली. लॅपटॉपच्या उजेडात त्याचा चेहरा तेवढा दिसत होता, बॅटरी बारा टक्के. आत काडी ओढल्याचा आवाज झाला. आजीनं गुडघ्याचं तेल बाजूला सारलं, कोनाड्यात पणती ठेवली आणि ओरडून म्हणाली,

"घे रे बाबा, आली तुझी निशा."