सामान्य काळ

चर्चच्या कॅलेंडरात आगमनकाळ असतो, नाताळ असतो, प्रायश्चित्तकाळ असतो, पुनरुत्थानकाळ असतो. धांदलीचा काळ मात्र कुठेही छापलेला नसतो. उरलेले ३३-३४ आठवडे ‘सामान्य काळ’ या नावाखाली जमा करून टाकलेत. फादर हिरवा झगा घालतात आणि याच आठवड्यांत शाळा उघडतात, गच्ची गळते, कुणाच्या तरी पित्ताशयाचं ऑपरेशन निघतं, पाहुणे न कळवता येतात आणि कामवाली कळवून गावी जाते. “याला सामान्य म्हणणाऱ्याला संसार नसणार,” असं वसईची माझी मावशी म्हणते. कॅलेंडर कोण तयार करतं हे ठाऊक असल्यानं मी वाद घालत नाही.

अशा दिवसांत एक सल्ला हमखास मिळतो. जरा शांत बसा, देवानं आपल्याला कशासाठी पाठवलंय ते शोधा, रिट्रीटला जाऊन या. रिट्रीटहून आलेल्यांचे चेहरे उजळलेले असतात हे खरं आहे. पण जायचं तर आधी मागे डबा कोण करणार ते ठरवावं लागतं, आणि ते ठरेपर्यंत रिट्रीट उरकलेलं असतं.

हा शोध रिट्रीटलाच लागतो असंही नाही. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. कवीला जीवनाची दिशा रेल्वेच्या डब्यात सापडली आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या पदरी, काही न विचारता, मोडलेला संसार आला. त्या रडल्या, चिडल्या, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर आल्या. त्यानंतर तरी घर निवांत झालं म्हणावं, तर तेही नाही. माणसांचा राबता चालूच आणि यजमानांच्या हाताला पैसा टिकेना. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नवल वाटतं ते याचं, की बाई कुठेही आपल्याला जीवनकार्य सापडल्याची द्वाही फिरवत नाहीत. समोर आलेलं उचलतात, नवऱ्याची थोडी थट्टा करतात आणि पुढे जातात.

मावशीचंही तसंच आहे, फक्त ती लिहीत नाही. तिची संध्याकाळची जपमाळ ऐकण्यासारखी असते. दुसऱ्या रहस्यात कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात, तिसऱ्यात मासेवाल्या बाईला जिन्यातूनच “बोंबील ताजे आहेत का गं?” असं विचारलं जातं, आणि नमो मारिया जिथं सुटली होती तिथूनच पुढे चालू होते. मणी कधी चुकत नाही. एकदा मी म्हटलं, मार्थेचं काय झालं ते माहीत आहे ना? लूकच्या दहाव्या अध्यायात ती कामाच्या रगाड्यात आपली बहीण मरीया हिची तक्रार करते आणि येशू म्हणतो, मरीयेनं चांगला वाटा निवडला. हा उतारा प्रवचनाला आला की चर्चमधल्या बायका एकमेकींकडे बघतात.

“पुढचं वाच की,” मावशी म्हणाली.

पुढचं योहानात आहे. भाऊ लाजर मेलाय. मरीया घरातच बसून राहते आणि मार्था वाटेवर धावत जाते. तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, हे ती तिथं, ऐन सुतकात, बोलते. तसंच बोलल्यावर पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मिळाल्या होत्या. मार्था मात्र लगेच कबरीपाशी येऊन सांगते, चार दिवस झालेत, आता दुर्गंधी येत असेल. चमत्कार तोंडावर आलेला असतानाही तिला घरगुती काळजी सुटत नाही! लाजर उठतो. बाराव्या अध्यायात बेथानीत मेजवानी आहे. लाजर पंगतीला बसलाय, मरीयेनं येशूच्या पायांना महागाचं सुगंधी तेल लावलंय, घरभर दरवळ सुटलाय. आणि मार्था वाढतेय. एवढं सगळं घडूनही हात कामातच. फक्त या वेळी ती कुणाच्या नावानं कुरकुरत नाही. मला वाटतं, लूकच्या त्या घरात येशू तिच्याकडे मागत होता ते एवढंच असावं. पण मी काही फादर नाही.

मार्थेचा सण २९ जुलैला, भर पावसात येतो. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात रोमहून निर्णय झाला की तो दिवस आता मार्था, मरीया आणि लाजर या तिघांचा. मी मोठ्या उत्साहानं मावशीला हे सांगायला गेलो. ती कोलीम निवडत होती.

“म्हणजे बिचारीचा एकटीचा एक दिवस होता, त्यातही भावंडं येऊन बसली,” ती म्हणाली. “मग त्या दिवशी वाढायचं कुणी, हे लिहिलंय का रे त्यात?”